इन्स्पेक्शनमध्ये पास झालेलं युनिट लढायला तयार असतंच का?

फतेहगंजकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. टीव्हीवर रोज कोणीतरी सांगत असतं की आपले इतके रणगाडे, त्यांचे तितके, म्हणजे आपण सज्ज. मी ईएमईत (फौजेची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) नोकरी काढली, शेवटचं पोस्टिंग आपल्या बडोद्यातच ईएमई स्कूलला, मग इथेच फतेहगंजात घर केलं. माझं सगळं काम गाड्या आणि रणगाडे चालू ठेवण्याचं, त्यामुळे "किती आहेत" हा आकडा ऐकला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, त्यातले उद्या पहाटे फाटकाबाहेर पडतील किती आणि संध्याकाळपर्यंत चालत राहतील किती.

युनिटची तयारी मोजायची पद्धत जगात सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच आहे. अमेरिकन आर्मी चार बाजूंनी बघते: माणसं पुरेशी आहेत का, ठरलेलं सामान मिळालंय का, मिळालेलं सामान चालू आहे का, आणि ट्रेनिंग झालंय का. त्यावरून युनिटला सी-१ ते सी-४ असा दर्जा मिळतो, सी-१ म्हणजे पूर्ण तयार, सी-४ म्हणजे आणखी माणसं-सामान-ट्रेनिंग दिल्याशिवाय नेमून दिलेल्या लढाईला पाठवू नका. आपल्याकडे वर्षाचं इन्स्पेक्शन असतं, टेक्निकल इन्स्पेक्शन वेगळं, फायरिंगचे निकाल वेगळे, फिजिकल टेस्ट वेगळ्या. कागद भरपूर असतो आणि तो लागतोच, मी कागदाच्या विरोधात नाही.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. कागदावर "गाडी ऑन रोड", म्हणजे चालू, असं लिहिलं की त्या एका शब्दात किती गोष्टी लपतात ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. एक उदाहरण देतो. रणगाड्याच्या बॅटऱ्या. इन्स्पेक्शनची तारीख महिनाभर आधी माहीत असते, मग आदल्या रात्री चांगल्या बॅटऱ्या कुठल्या रणगाड्यात बसवायच्या हे ठरतं, कारण पहिल्या रांगेतले चारपाच स्टार्ट करून दाखवायला सांगणार हे सगळ्यांना ठाऊक. सकाळी सेल्फ मारला की इंजिन पहिल्या झटक्यात धडधडतं, धूर निघतो, साहेब खूश. पण ज्याला खरं बघायचंय तो स्टार्ट करायला सांगतच नाही. तो मागच्या रांगेतल्या कुठल्याही गाडीवर चढतो, बॅटरीची झाकणं उघडायला लावतो आणि हायड्रोमीटर घेऊन एकेक सेल बघतो. पाच सेल ठीक आणि एका सेलमध्ये फ्लोट खाली बसलेला दिसला की समजायचं, ही बॅटरी थंडीत दोन रात्री काढणार नाही. मग तो खाली उतरून टायरवाल्या गाडीकडे जातो, टायर वरून किती झिजलाय ते बघत नाही, बाजूच्या भिंतीवर अंगठा दाबून बारीक चिरा बघतो. उभ्या उभ्या मेलेला टायर तिथे दिसतो.

असे एक-दोन इन्स्पेक्टर मी पाहिले. त्यांच्या रिपोर्टमध्ये युनिटला मार्क कमी मिळायचे पण पुढच्या सहा महिन्यांत त्याच युनिटच्या गाड्या खरंच सुधारायच्या. म्हणून मला विचारायचंय की तयारी मोजायची खरी कसोटी तुमच्या मते कुठली? फौजेतले, फौजेबाहेरचे सगळ्यांनी लिहा.

---

संपादक

चांगला धागा. एकच विनंती, सध्याच्या कुठल्याही युनिटचं नाव, जागा, हालचाल लिहू नये. जे आधीच छापून आलंय तेवढंच.

---

पागेदार

काका, बॅटरीचा किस्सा वाचून आमच्या घरातलं जुनं बोलणं आठवलं. आडनावावरून कळेलच, गायकवाडी पागेतलं घराणं. हा रोग फार जुना आहे हो. सरदाराला अमुक इतक्या स्वारांसाठी सरंजाम (जहागीर) मिळायचा, हजेरीच्या दिवशी तेवढे घोडे दाखवायचे म्हणून शेजारच्या पथकातून घोडे उसने आणायचे, वाटेतला कोणी बाजारबुणगा धरून त्याला घोड्यावर बसवायचं. हजेरी घेणारा गेला की घोडे परत. अकबराने १५७० च्या दशकात घोड्याला डाग द्यायची आणि स्वाराचा चेहरामोहरा लिहून ठेवायची पद्धत कडक केली ती याच्याचसाठी, एकच घोडा दोन हजेऱ्यांत दिसू नये म्हणून. मराठी फौजेतही घोड्याचा रंग, खुणा, स्वाराचं नाव-गाव लिहून घेत.

आणि आपल्या बडोद्याचंच बघा ना. १८०२ मध्ये इथे अरब शिबंदीचा, म्हणजे पगारी अरब शिपायांचा, जोर होता, लढायला एक नंबर, हत्यारं उत्तम, कवायतीचं विचाराल तर कोणीही म्हटलं असतं तयार फौज. पण पगार थकलेला. त्या थकबाकीवरून त्यांनी शहरच धरून ठेवलं आणि डिसेंबरमध्ये इंग्रजांनी वेढा घालून त्यांना बाहेर काढलं, तिथून पुढे गायकवाडांच्या कारभारात इंग्रजांचा पाय पक्का झाला. म्हणजे माणसं, हत्यारं, ट्रेनिंग तिन्ही जागेवर आणि तरी फौज आपल्या धन्याच्या कामाची नाही. हे कुठल्या कॉलममध्ये भरणार? माझ्या मते शिपायाचा पगार, रजा, घरची चिंता हे मोजल्याशिवाय तयारी मोजलीच नाही.

---

निनाद_मांजलपूर

मस्त धागा. मी सॉफ्टवेअरवाला, फौजेतलं काही कळत नाही पण एक शंका. आता प्रत्येक गाडीत सेन्सर बसवता येतात, इंजिनचे तास, ऑइल प्रेशर, बॅटरीचं व्होल्टेज, सगळं आपोआप वरती डॅशबोर्डवर जाईल, मग आदल्या रात्री कोण काय बदलणार? आमच्याकडे कंपनीत ट्रकच्या फ्लीटला हेच करतो आणि खोटं बोलायला जागाच राहत नाही. फौजेत हे झालं तर इन्स्पेक्शनची गरजच संपेल असं नाही का वाटत?

---

फतेहगंजकर

निनाद, सेन्सर हवेतच, मी त्याच्या बाजूचा आहे. पण गरज संपणार नाही, आणि त्याचं चांगलं उदाहरण जर्मनीचं आहे. त्यांची पुमा नावाची पायदळाची लढाऊ गाडी, जगातल्या सगळ्यात महागड्या आणि इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या गाड्यांपैकी एक. डिसेंबर २०२२ मध्ये नाटोच्या तातडीच्या फोर्ससाठी तयारी चालू होती, १८ पुमा फायरिंगच्या सरावाला नेल्या आणि काही दिवसांत १८ च्या १८ बंद. नंतर तपासलं तर बऱ्याच गाड्यांतले बिघाड किरकोळ निघाले. रेंजवर जायच्या आधी यातल्या बहुतेक गाड्या चालू म्हणूनच धरल्या असणार ना? गाडी गॅरेजमध्ये चालू असणं वेगळं आणि धक्के, चिखल, सतत फायरिंग, रात्रीची अपुरी झोप घेतलेला ड्रायव्हर, जवळ मेकॅनिक नाही, स्पेअर मागे राहिलेला, यात चालू राहणं वेगळं.

त्याच जर्मनीचं २०१४ मधलं तर सगळ्यांनी वाचलं असेल, नॉर्वेतल्या सरावात बॉक्सर नावाच्या चिलखती गाड्यांवर मशीनगनच्या नळीच्या जागी झाडूचे दांडे काळा रंग लावून बसवले होते. लोकांनी चेष्टा केली. मला त्यात त्या बटालियनच्या कमांडरची अडचण दिसते, सामान मागून मिळालेलं नाही आणि सराव तर करायचाच आहे.

आता आपला आतला मुद्दा सांगतो. एका गाडीचा पार्ट काढून दुसरीला लावणे, याला आम्ही कॅनिबलायझेशन म्हणतो. लढाईत हे करावंच लागतं, तीन बंद गाड्यांतून दोन चालू करणं हे मेकॅनिकचं कसब आहे, ईएमई स्कूलला ते शिकवतातसुद्धा. पण शांततेच्या काळात इन्स्पेक्शनसाठी हे केलं की दोन नुकसानं होतात. एक, तो पार्ट मागणीच्या यादीतून गायब होतो कारण गाडी तर "चालू" आहे, म्हणून वरती कोणाला कळतच नाही की कमतरता आहे. आणि दुसरं, प्रत्येक वेळी काढताना-बसवताना सील, बोल्ट, वायरिंग खराब होतं. म्हणून मी इन्स्पेक्टर असतो तर पहिला कागद ऑन रोडचा मागितला नसता, वर्कशॉपचं स्टोअर रजिस्टर मागितलं असतं. कुठला पार्ट किती महिन्यांपूर्वी मागितला, आला की नाही, आणि मागितलाच नसेल तर गाडी चालली कशी. तिथे खरं चित्र दिसतं.

---

डॉ_अलकापुरी

वैद्यकीय बाजूने थोडं लिहिते, मी काही वर्षं एएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय शाखेत, शॉर्ट सर्व्हिसवर होते.

जवानाचं मेडिकल दरवर्षी होतं आणि कॅटेगरी "शेप" या पद्धतीने ठरते. मानसिक स्थिती, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता, डोळे असे पाच भाग, प्रत्येकाला १ ते ५ दर्जा, सगळ्यात १ असेल तर शेप-वन. युनिटच्या रिटर्नमध्ये (वरती पाठवायच्या अहवालात) शेप-वन किती हा आकडा मोठ्या अभिमानाने लिहिला जातो आणि तो महत्त्वाचा आहेच.

पण आपल्या इथला, समुद्रसपाटीच्या जेमतेम वर राहिलेला शेप-वन जवान उद्या विमानाने लेहला उतरवला तर तो तयार आहे का? अजिबात नाही. आपल्या फौजेत उंचीवर चढवायचे तीन टप्पे ठरलेले आहेत, ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, मग १२ ते १५ हजारला ४ दिवस, त्याच्या वर आणखी ४ दिवस. म्हणजे पहिले १४ दिवस जगातला उत्तम फिट माणूसही हळूहळूच वापरायचा, नाहीतर फुफ्फुसात पाणी भरून तरणाताठा पोरगा काही तासांत जातो. अशा केसेस मी हाताळल्यात, खोकल्याबरोबर गुलाबी फेस यायला लागला की हातात फार थोडा वेळ असतो, ऑक्सिजन द्या आणि खाली उतरवा, बस. त्यामुळे "युनिट तयार आहे" या वाक्याला माझ्या लेखी अर्थच नाही. कुठे, कशासाठी आणि किती दिवसांच्या नोटिशीवर हे जोडल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही.

---

रेवा_एनसीसी

डॉक्टरताई, हे खूप महत्त्वाचं वाटलं. ६२ च्या चीन युद्धात असंच झालं होतं का? आम्हाला कॅम्पमध्ये फक्त शौर्य सांगतात, तयारी का नव्हती ते नीट कोणी सांगत नाही.

---

तोपखाना_नाही_पायदळ

रेवा बेटा, सांगतो. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, ६२ माझ्या जन्माच्या आधीचं, पण आमच्या उस्तादांच्या पिढीने ते डोक्यात बसवलेलं.

चौथी डिव्हिजन, लाल गरुडवाली. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका, केरेन, मॉन्टे कॅसिनो अशी कामगिरी केलेली नावाजलेली डिव्हिजन. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ही अंबाल्याला, सपाट मैदानात. तिथे जवानांकडून काय करून घेतलं तर घरं बांधून घेतली, ऑपरेशन अमर नावाचा प्रोजेक्ट होता, फौजेसाठी क्वार्टर हवे होते आणि ते जवानांच्या हातांनी उभे केले. घरं हवी होती हे खरं, पण महिनोन् महिने विटा वाहणारा जवान त्या काळात फायरिंग करत नव्हता. १९५९ च्या अखेरीस तीच डिव्हिजन नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या डोंगरात. ऑक्टोबर १९६२ मध्ये तिची सातवी ब्रिगेड नामका चू नदीकाठी, ब्रिगेडियर दळवींच्या हाताखाली, बऱ्याच जणांच्या अंगावर सुती कपडे, माणशी पाऊचमधली ५० काडतुसं, विमानातून टाकलेलं सामान दरीत जाऊन पडलेलं. २० ऑक्टोबरला पहाटे हल्ला झाला आणि ब्रिगेड त्याच दिवशी फुटली, दळवी साहेब दोन दिवसांनी पकडले गेले. जवान कमी पडले नाहीत, शेवटच्या गोळीपर्यंत लढलेल्या पोस्ट आहेत. डिव्हिजनचं नाव तेच होतं, चिन्ह तेच होतं, आणि वरती नकाशात ती तयार म्हणून धरली होती.

आता फतेहगंजकर साहेबांना थोडं विरोधात लिहितो. इन्स्पेक्शन म्हणजे निव्वळ दिखावा असं वाचणाऱ्याला वाटेल, तसं नाही. बीपीईटी या शारीरिक चाचणीत आमच्या वेळी रायफल आणि पिट्ठू घेऊन ५ किलोमीटर पळायचं असायचं, दोर चढायचा, ९ फुटी खड्डा ओलांडायचा, तिथे कोणाची बॅटरी उसनी लावता येत नाही, श्वास स्वतःचाच लागतो. फायरिंगचंही तसंच, गोळी टार्गेटला लागली तर लागली. माझ्या दृष्टीने मोठा लपलेला आकडा माणसांचा आहे. कंपनीच्या कागदावर सव्वाशेच्या आसपास माणसं असतात, त्यातून रजेवर गेलेले वजा करा, कोर्सला गेलेले, ईआरईवर (युनिटबाहेरच्या नेमणुकीवर) गेलेले, खालच्या मेडिकल कॅटेगरीतले, मेस, एमटी (गाड्यांचा विभाग), गार्ड, कुठल्यातरी टूर्नामेंटची टीम, हे सगळं वजा करून सकाळी फॉल-इनला जे उभे राहतात ती तुमची खरी कंपनी. आणि त्यांच्यातले किती जण एकाच सेक्शनमध्ये वर्षभर एकत्र राहिलेत? सेक्शन कमांडरला आपल्या पोरांच्या चालीवरून अंधारात माणूस ओळखता येतो का? हे रिटर्नमध्ये लिहीत नाहीत पण रात्रीच्या पेट्रोलवर पहिल्या तासात कळतं. मी नव्या कंपनीत गेलो की रात्रीचं पेट्रोल आधी ठेवायचो, परेड नंतर.

---

निनाद_मांजलपूर

मग अचानक तपासणी हा उपाय का नाही? तारीखच सांगायची नाही. रात्री दोनला सायरन, चला बाहेर.

---

पागेदार

निनाद, रशियाने नेमकं हेच केलं होतं. २०१३ पासून तेव्हाचे संरक्षणमंत्री शोइगू यांनी अचानक तपासण्या परत सुरू केल्या, एका हुकमावर हजारो सैनिक, ट्रेन, विमानं, फार मोठ्या प्रमाणावर. बाहेरच्या भल्याभल्यांनी त्यावरून रशियन फौज फार तयार झाली असं लिहिलं. आणि २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कीव्हच्या उत्तरेला ६० किलोमीटरच्या वर लांब गाड्यांची रांग रस्त्यात अडकून पडली, डिझेल संपलेलं, चिखलात रुतलेल्या चाकांच्या गाड्यांचे फोटो आले त्यात टायरच्या भिंती फाटलेल्या. काका म्हणतात त्या अंगठ्याच्या चिरा. म्हणजे अचानक बाहेर काढलं तरी नुसतं बाहेर काढून, मैदानात उभं करून, परत आत घेतलं तर हाती काय लागतं? पाचव्या दिवशी डिझेल कोण आणणार हे त्यात तपासलंच गेलं नाही.

आपलाही अनुभव आहे. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, पण आपल्या स्ट्राइक कोअर, म्हणजे चढाईसाठी ठेवलेल्या मोठ्या फौजा, सीमेवर पोचून तयार व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले. युनिटं एकेकटी तयार असतील हो, पण रेल्वेचे डबे, रस्ते, दारूगोळ्याचे डेपो हे सगळं मिळून तयारी होते. त्यातून धडा घेऊन पुढे कोल्ड स्टार्टचा, म्हणजे जमवाजमवीत वेळ न घालवता झटपट चढाई करण्याचा विचार आला.

दारूगोळ्याचंही कॅगने उघड लिहिलंय. नियमाप्रमाणे ४० दिवसांच्या घनघोर लढाईला पुरेल इतका साठा हवा. २०१७ च्या रिपोर्टमध्ये सप्टेंबर २०१६ ची स्थिती दिली होती, १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकार १० दिवसांनाही पुरणारे नव्हते. नंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार उपसेनाप्रमुखांना दिले गेले.

---

विश्वामित्री_काठ

हे छापून आलं तेव्हा मला रागच आला होता. शत्रूला कशाला सांगायचं आपल्याकडे काय कमी आहे? असले रिपोर्ट बंद पाकिटात राहायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. फौजेवर माझा पूर्ण विश्वास आहे, ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याला लागलं तेव्हा लष्कराची पोरं बोटी घेऊन आली, सासूबाईंना उचलून नेलं. त्यांना कोणी तयार नाही म्हटलेलं ऐकवत नाही.

---

फतेहगंजकर

ताई, तुमची भावना मनापासून समजते. त्या पुरात आमच्या भागातही पाणी होतं आणि त्या जवानांचं काम मीही पाहिलंय. बोट हवा भरलेली, इंजिनात पेट्रोल, दोर, लाइफ जॅकेट मोजून ठेवलेली, हे सगळं पावसाळ्याच्या आधी कोणीतरी तपासलं होतं म्हणून ते वेळेवर निघाले. पण डॉक्टर म्हणतात तसं, ती पुराची तयारी. जे युनिट सतत पूर, दंगल, निवडणूक बंदोबस्त यात जातं त्याचे रणगाड्याचे सराव मागे पडतात, आणि ते कोणीतरी मोकळेपणाने लिहून ठेवायला हवं.

पाकिटाबद्दल अर्धं मान्य. कुठल्या युनिटमध्ये नेमकं काय कमी हे बाहेर येऊच नये, संपादकांनी वर लिहिलंच आहे. पण एकूण स्थिती संसदेला कळलीच पाहिजे. मार्च २०१८ मध्ये तेव्हाचे उपसेनाप्रमुख शरत चंद यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की आपलं ६८ टक्के सामान जुन्या काळातलं आहे, चालू काळातलं २४ आणि अत्याधुनिक फक्त ८ टक्के. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याने हे तोंडावर सांगायला छाती लागते, आणि त्यांनी फौजेवरच्या प्रेमापोटीच सांगितलं. शत्रूला आपली कमतरता बहुतेक वेळा आपल्याच लोकांच्या आधी कळलेली असते.

---

पागेदार

याला जोडून १९९९ चं. अमेरिकेत तेव्हा दहा ॲक्टिव्ह डिव्हिजन होत्या, त्यातल्या दोन, दहावी माउंटन आणि पहिली इन्फन्ट्री, यांनी नोव्हेंबरमध्ये स्वतःला सी-४ लिहिलं. कारण त्यांच्या ब्रिगेड बोस्निया-कोसोव्होत अडकलेल्या, तिथून काढून मोठ्या युद्धात ठरलेल्या वेळेत पोचवणं जमणार नव्हतं. म्हणजे बाल्कनमधलं काम त्या चोख करत होत्या, नियम होता मोठ्या युद्धाच्या हिशोबाने लिहायचा, त्यांनी तसं लिहिलं. त्यावरून पुढच्या वर्षीच्या निवडणूक प्रचारात केवढा गदारोळ झाला. असं झालं की पुढचा कमांडर काय करेल? सी-३ लिहून मोकळा होईल.

---

तोपखाना_नाही_पायदळ

अनुमोदन. सीओचा (युनिटच्या कमांडरचा) कार्यकाळ जेमतेम दोन-अडीच वर्षांचा, त्यावर त्याचं पुढचं प्रमोशन. त्याने खरं लिहिलं आणि शेजारच्या युनिटने सगळं उत्तम लिहिलं तर प्रमोशन बोर्डात पुढे कोण जातं? मी एक सीओ पाहिले, नाव लिहीत नाही, त्यांनी इन्स्पेक्शनला आलेल्या ब्रिगेड कमांडरना पहिल्या दिवशी सकाळीच कमतरतेची यादी दिली. म्हणाले, सर हे माझ्या हातातलं आहे, तीन महिन्यांत करतो, हे तुमच्या हातातलं आहे. कमांडर अर्धा तास काही बोलले नाहीत, मग यादी खिशात घातली आणि थेट मागच्या गॅरेजकडे निघाले. दोन महिन्यांत स्पेअर आले. हे दोघांच्या स्वभावामुळे झालं, पद्धतीमुळे नाही, माझं दुखणं तेच आहे.

---

रेवा_एनसीसी

फतेहगंजकर काका, मी पुढच्या वर्षी सीडीएस (फौजेत अधिकारी व्हायची परीक्षा) देणार आहे. सिलेक्ट झाले आणि कधी एखाद्या युनिटमध्ये गाड्यांचा चार्ज माझ्याकडे आला तर पहिल्या आठवड्यात काय करू?

---

फतेहगंजकर

रेवा, जरूर दे परीक्षा. पहिल्या आठवड्यात कोणावर ओरडू नकोस आणि काही बदलू नकोस. मेंटेनन्सच्या दिवशी डांगरी घालून ड्रायव्हरबरोबर गाडीखाली जा, ग्रीस निपल पुसून ग्रीस घालतोय की वरच्यावर फासतोय ते बघ. लॉगबुकमधले किलोमीटर आणि डिझेलचा हिशोब स्वतः जुळवून बघ. स्टोअर रजिस्टर वाच. मग दर आठवड्याला कुठल्याही दोन गाड्या, आधी न सांगता, पूर्ण लोड भरून, रात्री लाइट न लावता, पन्नास किलोमीटर नेऊन आण आणि परत आल्यावर लगेच ब्रेक ड्रमजवळ हात धर, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर लिहून ठेव. जे बंद पडेल ते बंद म्हणूनच लिही, आणि लिहिलंस म्हणून तुझ्या हवालदाराला शिक्षा होऊ देऊ नकोस. त्याला एकदा कळलं की या मॅडमला खरं सांगितलं तरी चालतं, की मग गाडी बिघडायच्या आधी तोच तुझ्याकडे येईल.

सीडीएसच्या तयारीला पुस्तकं लागली तर सांग, माझ्या मुलाची अजून कपाटात आहेत, रविवारी घरी येऊन घेऊन जा.